कृष्णधवल अवरक्त फिल्मची चाचणी

कृष्णधवल अवरक्त फिल्मची चाचणी म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला संवेदनशील असलेली फिल्म एका ठरावीक कॅमेऱ्यात, ठरावीक फिल्टरसह व ठरावीक ठिकाणच्या उजेडात किती एक्स्पोजर आणि किती विकसन मागते, हे प्रयोगाने निश्चित करण्याची रीत होय. साध्या कृष्णधवल फिल्मच्या डबीवर छापलेला वेगांक प्रकाशमापकावर लावला की काम भागते. अवरक्त फिल्मच्या बाबतीत तसे होत नाही, कारण प्रकाशमापक जो उजेड मोजतो तो आणि फिल्म ज्या उजेडाने काळी पडते तो, हे दोन निराळे असतात. त्यामुळे या फिल्मचा वेगांक फिल्म, फिल्टर, सूर्याची उंची आणि डेव्हलपर यांनी मिळून ठरतो व तो जागेवरच शोधावा लागतो. प्रस्तुत लेखात चाचणीची सर्वसाधारण रीत दिली असून ठिकाणाचा परिणाम दाखविण्यासाठी धुळे जिल्ह्यातील नरडाणा परिसराचे उदाहरण घेतले आहे.

अवरक्त प्रकाश आणि फिल्म

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. तांबड्या रंगाच्या पलीकडील प्रारणास अवरक्त प्रारण म्हणतात. अवरक्त पट्टा फार विस्तृत आहे. फिल्म त्याचा केवळ अलीकडचा काठ, म्हणजे ७०० ते सुमारे ९०० नॅनोमीटर एवढाच भाग टिपू शकते. अवरक्त फिल्मने वस्तूची उष्णता दिसते, हा समज यामुळे चुकीचा ठरतो. मानवी शरीराचे उष्णता-प्रारण १०,००० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असते आणि तेथपर्यंत कोणत्याही छायाचित्रण-फिल्मची मजल जात नाही. अवरक्त फिल्मवर जे उमटते ते सूर्याचे किंवा दिव्याचे परावर्तित प्रारणच असते.

या छायाचित्रांत झाडांची पाने पांढरीशुभ्र दिसतात. हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते, परंतु अवरक्त प्रकाशाला ते जवळजवळ पारदर्शक असते. पानाच्या आतील पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर हा प्रकाश वारंवार विखुरला जाऊन बराचसा बाहेर फेकला जातो. या परिणामास अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट वुड यांच्या नावावरून ‘वुड परिणाम’ म्हणतात. निरभ्र आकाश मात्र काळे येते, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश जितका विखुरतात त्या मानाने अवरक्त प्रकाश अत्यल्प विखुरतात. स्वच्छ, संथ पाणीही काळे दिसते. ढग पांढरेच राहतात, त्यामुळे ते काळ्या आकाशावर उठून दिसतात.

इतिहास

अवरक्त प्रारणाचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला. त्यांनी वर्णपटातील तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला असता पारा चढलेला आढळला. सिल्व्हर हॅलाइडचे क्षार मूलतः निळ्या व जंबुपार प्रकाशालाच संवेदनशील असतात. योग्य रंजकद्रव्ये मिसळल्यास ही संवेदनशीलता इतर रंगांपर्यंत वाढविता येते, हे हेरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये दाखविले. सर्व अवरक्त फिल्म याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. १९१९ मध्ये क्रिप्टोसायनिन आणि १९२५ मध्ये निओसायनिन ही रंजकद्रव्ये हाती आल्यावर अवरक्त काचपट्ट्या व फिल्म नित्याच्या वापरात येऊ शकल्या. वुड यांची अवरक्त निसर्गछायाचित्रे त्यापूर्वीच, १९१० मध्ये, प्रसिद्ध झाली होती.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे छद्मावरण ओळखण्यासाठी अवरक्त फिल्मचा मोठा उपयोग झाला. हिरवा रंग फासलेले कापड आणि जिवंत पाने डोळ्यांना सारखीच दिसतात, अवरक्त फिल्मवर मात्र ती वेगळी पडतात. भारतात या तत्त्वाचा गाजलेला उपयोग १९७० मध्ये केरळात झाला. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली नारळाच्या रोगग्रस्त बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेण्यात आली. भारतातील सुदूर संवेदनाचा हा आरंभ मानला जातो. त्या वेळी रंगीत अवरक्त फिल्म वापरली होती, परंतु निरोगी व आजारी पानांतील अवरक्त परावर्तनाचा फरक टिपणे हे मर्म कृष्णधवल फिल्मइतकेच तिलाही लागू होते.

उपलब्ध फिल्म

‘अवरक्त’ या एका नावाखाली विकल्या जाणाऱ्या फिल्मची मजल एकसारखी नसते. चाचणीचे नियोजन करताना हा मुद्दा सर्वप्रथम पाहावा लागतो. कोडॅकची हाय स्पीड इन्फ्रारेड ही फिल्म सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंत संवेदनशील होती. तिच्या पाठीला हॅलेशन रोखणारा थर नव्हता. उजेड आधारपट्टीत शिरून मागून परावर्तित होई आणि तेजस्वी भागांभोवती धूसर वलय उमटे. अनेक छायाचित्रकारांना तिचे हेच वैशिष्ट्य प्रिय होते. २००७ मध्ये कोडॅकने ती बंद करण्याचे जाहीर केले. क्रोएशियातील फोटोकेमिका कंपनीची एफ्के आयआर ८२० ही फिल्म २०१२ मध्ये कारखान्यासोबतच संपली. नावातील आकडा तिची मजल सांगतो. रोलाय इन्फ्रारेड ४०० ही फिल्मही सुमारे ८२० नॅनोमीटरपर्यंत जाते. इल्फर्डची एसएफएक्स २०० ही खरे तर वाढीव तांबड्या संवेदनशीलतेची फिल्म असून तिची मजल ७४० नॅनोमीटरच्या आसपास संपते, म्हणून तिच्यावर वुड परिणाम सौम्य दिसतो.

या फिल्म भारतात तयार होत नाहीत. बंद पडलेल्या फिल्मचे शीतपेटीत जपलेले रोल हाताशी असतील तर त्यांना पर्याय मिळत नाही. जुन्या रोलची संवेदनशीलता घटलेली आणि धुके, म्हणजे उजेड न पडताही येणारा करडेपणा, वाढलेले असू शकते. अवरक्त रंजकद्रव्ये इतर रंजकद्रव्यांहून नाजूक असल्याने अशा रोलच्या बाबतीत छापील आकड्यावर विसंबणे विशेष धोक्याचे असते. चार रोल असतील तर पहिला चाचणीत खर्च करणे हाच शहाणपणाचा व्यवहार होय. चाचणीविना घेतलेल्या चारही रोलवर काहीच न उमटण्याची शक्यता खरोखरची असते.

फिल्टर

अवरक्त फिल्म निळा व हिरवा प्रकाशही टिपते. तो न अडविल्यास छायाचित्र साध्या फिल्मवर घेतल्यासारखेच दिसते. म्हणून तांबडा किंवा त्याहून गडद फिल्टर आवश्यक ठरतो. फिल्टरांचे क्रमांक बहुधा कोडॅकच्या रॅटन मालिकेवरून सांगितले जातात. २५ क्रमांकाचा तांबडा फिल्टर सुमारे ६०० नॅनोमीटरच्या पुढचा सर्व प्रकाश जाऊ देतो. त्यातून डोळ्यांना दृश्य दिसते आणि कॅमेरा हातात धरूनही काम करता येते, परंतु दृश्य तांबडा प्रकाश मिसळल्यामुळे पाने शुभ्र न येता फिकट करडी येतात. ८९बी क्रमांकाचा फिल्टर आणि होया कंपनीचा आर७२ हे जवळपास समान आहेत. दोन्ही ७२० नॅनोमीटरच्या सुमारास उघडतात व डोळ्यांना काळपट तांबडे दिसतात. ८८ए सुमारे ७५०, ८७ सुमारे ८०० आणि ८७सी सुमारे ८५० नॅनोमीटरच्या पुढे उघडतो.

फिल्टर जेथे उघडतो आणि फिल्म जेथे थांबते त्या दोन सीमांमधील पट्टीतच छायाचित्र तयार होते. कोडॅकच्या जुन्या फिल्मसोबत ८७ क्रमांकाच्या फिल्टरला सुमारे १०० नॅनोमीटरची पट्टी मिळत असे. तोच फिल्टर ८२० पर्यंतच्या फिल्मवर लावल्यास पट्टी अगदी चिंचोळी होते, आणि ८७सी लावल्यास पट्टीच उरत नाही. एक्स्पोजर कितीही वाढविले तरी निगेटिव्ह कोरीच राहते. एसएफएक्स आणि आर७२ यांची पट्टी जेमतेम २० नॅनोमीटरची असते, म्हणून या जोडीला बरेच स्टॉप अधिक द्यावे लागतात. आज मिळणाऱ्या फिल्मसाठी आर७२ हाच सर्वांत उपयोगी फिल्टर आहे. त्याहून गडद फिल्टर विकत घेण्यात अर्थ नाही.

प्रकाशमापकाची मर्यादा

हाती धरण्याचा प्रकाशमापक दृश्य प्रकाश मोजतो. त्यावरून अवरक्त प्रकाशाचा अंदाज बांधण्यासाठी दोहोंचे प्रमाण स्थिर आहे असे गृहीत धरावे लागते, परंतु हे प्रमाण बदलते. सूर्य क्षितिजाजवळ असताना निळा प्रकाश हवेत मोठ्या प्रमाणावर विखुरला जातो व अवरक्त प्रकाश तुलनेने अधिक पोहोचतो. मापकाचे वाचन जितके उतरते तितका अवरक्त प्रकाश कमी झालेला नसतो, म्हणून सकाळ-संध्याकाळी फिल्म मापकाच्या हिशेबाने अधिक वेगवान ठरते. निरभ्र दिवशी सावलीत याच्या उलट घडते. तेथे उजेड निळ्या आकाशाकडून येतो आणि त्यात अवरक्त भाग अत्यल्प असतो. मापक सावलीत पुरेसा उजेड दाखवितो, फिल्मवर मात्र अंधार उमटतो.

तंतूच्या जुन्या विद्युत दिव्याच्या उजेडात अवरक्त प्रकाश विपुल असतो. कोडॅकच्या पत्रकात हाय स्पीड इन्फ्रारेडसाठी फिल्टरविना दिवसाच्या उजेडात ८० आणि तंतूच्या दिव्याखाली २०० असे वेगांक दिले होते. फिल्म तीच, आकडा मात्र अडीच पट. यावरून वेगांक हा केवळ फिल्मचा गुण नाही हे स्पष्ट होते.

कॅमेऱ्यातील मापकाने फिल्टरमधून मोजण्याची कल्पना सोयीची वाटते, पण ती भरवशाची नाही. मापकातील घटकाची अवरक्त संवेदनशीलता आणि फिल्मची संवेदनशीलता जुळत नाहीत, शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यात हा फरक वेगळा असतो. फिल्टर काढून मोजावे व मापकावर चाचणीतून मिळालेला प्रभावी वेगांक लावावा, ही पद्धत अधिक विश्वासार्ह ठरली आहे.

कॅमेरा व केंद्रीकरण

अवरक्त प्रकाश साध्या भिंगातून दृश्य प्रकाशापेक्षा किंचित मागे केंद्रित होतो. जुन्या भिंगांच्या अंतरपट्टीवर यासाठी तांबडा ठिपका किंवा ‘आर’ अशी खूण असते. डोळ्याने केंद्रीकरण करून मिळालेले अंतर त्या खुणेसमोर आणावयाचे असते. खूण नसल्यास भिंग त्याच्या केंद्रांतराच्या सुमारे ०.२५ टक्के पुढे आणावे असा जुना ठोकताळा आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी हे अंतर सुमारे ०.१२ मिलिमीटर भरते. ७२० ते ८२० नॅनोमीटरच्या पट्टीसाठी त्याहून कमी सरकवणे पुरते. एफ/८ किंवा एफ/११ छिद्र ठेवले की उरलेली चूक बहुतांशी झाकली जाते.

कॅमेऱ्याबाबत आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. काही स्वयंचलित कॅमेऱ्यांत फिल्मच्या कडेची छिद्रे मोजण्यासाठी छोटा अवरक्त दिवा असतो. त्याने फिल्मच्या कडेवर धुके येते. तसेच पॉलिएस्टर आधारपट्टीच्या फिल्ममध्ये बाहेर राहिलेल्या टोकातून उजेड आत वाहत जातो, म्हणून असा रोल गर्द सावलीत, आणि कोडॅकचा जुना रोल तर पूर्ण अंधारातच, भरावा लागतो. काही प्रकारचे काळे प्लास्टिक व कापड अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असते. रोल बदलण्याची पिशवी उन्हात वापरू नये, तो याच कारणाने.

चाचणीची रीत

चाचणीसाठी असे दृश्य निवडावे, की ज्यात उन्हातील हिरवी पाने, झाडाचे खोड, उघडी माती, थोडी सावली आणि आकाशाचा तुकडा एकत्र मिळेल. तिपाई आवश्यक आहे. आर७२ मधून डोळ्यांना जवळपास काही दिसत नाही, त्यामुळे चौकट आधी बांधून मग फिल्टर चढवावा लागतो. वारा असेल तर संथ शटरवर पाने पुसट येतात व त्यांची घनता वाचता येत नाही.

३६ चित्रांच्या एका रोलमधून एक्स्पोजर आणि विकसन या दोहोंची उत्तरे मिळविता येतात. त्यासाठी १२ चित्रांची एकच मालिका तीनदा घ्यावी. खालील आकडे ४०० वेगांकाच्या व ८२० नॅनोमीटर मजलेच्या फिल्मसाठी, डोक्यावरच्या स्वच्छ उन्हासाठी आहेत. मालिकेतील पहिले चित्र फिल्टरविना, छापील वेगांकानुसार घ्यावे. ते संदर्भासाठी असते व फिल्म मुळात ठीक आहे की नाही हे सांगते. पुढील चार चित्रे तांबड्या २५ फिल्टरसह, छिद्र एफ/८ वर स्थिर ठेवून, १/५००, १/२५०, १/१२५ आणि १/६० सेकंदाने घ्यावीत. त्यानंतर आर७२ लावून त्याच छिद्रावर १/२५०, १/१२५, १/६०, १/३०, १/१५ आणि १/८ सेकंदाची सहा चित्रे घ्यावीत. बारावे चित्र भिंगावर झाकण ठेवून कोरे सोडावे.

एक्स्पोजर शटरने बदलावे, छिद्राने नव्हे. छिद्र बदलले की स्पष्टतेची खोलीही बदलते आणि तुलना गढूळ होते. स्वच्छ उन्हात एफ/१६ छिद्राला वेगांकाइतक्या भागाचा सेकंद, हा सर्वपरिचित नियम लावल्यास एफ/८ ला शटर त्याच्या चौपट जलद हवे. म्हणून १/२५० सेकंद म्हणजे प्रभावी वेगांक सुमारे ६४, १/१२५ म्हणजे ३२, १/६० म्हणजे १६, १/३० म्हणजे ८, १/१५ म्हणजे ४ आणि १/८ म्हणजे २. अशा फिल्मवर आर७२ सह योग्य उत्तर बहुधा ६ ते २५ यांच्या दरम्यान सापडते. मालिका दोन्ही बाजूंना मुद्दाम लांबविलेली आहे. टोकाची चित्रे वाया गेली तरी सीमा कोठे आहे हे त्यांच्यावरूनच कळते.

तिन्ही मालिका १५ ते २० मिनिटांत आटोपाव्यात, म्हणजे सूर्य फारसा हलत नाही. मध्येच ढग आल्यास थांबावे. प्रत्येक चित्राची नोंद वहीत करावी. दृश्यात पाटी ठेवून तीवर आकडे लिहिल्यास वहीचीही गरज राहत नाही, मात्र आकडे खडूने लिहावेत. काही पेनांची शाई अवरक्त प्रकाशात नाहीशी होते आणि पाटी कोरी दिसते.

रोल तीन तुकड्यांत कापावयाचा असतो व तो पूर्ण अंधारात. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्राला ३८ मिलिमीटर लांबी लागते, म्हणून १२ चित्रांचा तुकडा सुमारे ४५६ मिलिमीटरचा होतो. परंतु सुरुवातीचे टोक किती लांब जाते हे प्रत्येक कॅमेऱ्यात निराळे असते. त्यावर सोपा उपाय असा, की एक टाकाऊ रोल त्याच कॅमेऱ्यात त्याच पद्धतीने भरून १२ चित्रे पुढे न्यावीत, मागचे झाकण उघडून तेथे खूण करावी आणि त्या मापाची पट्टी किंवा काठी तयार ठेवावी. अंधारात तीच काठी फिल्मला लावून कापता येते. कापणी थोडी चुकली तरी कोरे सोडलेले बारावे चित्र ती चूक सामावून घेते. त्याच कोऱ्या चित्रावरून पुढे धुक्याची पातळीही वाचता येते.

विकसन

तीन तुकड्यांपैकी पहिला निर्मात्याच्या पत्रकातील वेळेपर्यंत, दुसरा त्याहून २५ टक्के कमी आणि तिसरा २५ टक्के अधिक वेळ विकसित करावा. डेव्हलपर, त्याचे पाण्याशी प्रमाण, तापमान आणि डबा हलविण्याची लय तिन्ही वेळा एकच ठेवावी. डी-७६ सारखा सर्वपरिचित डेव्हलपर चाचणीसाठी पुरेसा असतो. एकाच वेळी नवी फिल्म आणि नवा डेव्हलपर हाती घेतल्यास कोणता दोष कोणाचा हे कळत नाही.

अवरक्त दृश्याचा कॉन्ट्रास्ट बहुधा तीव्र असतो. उन्हातील पाने अत्यंत तेजस्वी असतात आणि सावलीत अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतो. सावलीसाठी एक्स्पोजर द्या आणि उजळ भागासाठी विकसन ठरवा, हा कृष्णधवल छायाचित्रणातील जुना नियम येथे निम्माच चालतो. सावलीत मुळात प्रकाशच नसेल तर एक्स्पोजर वाढवून तेथे तपशील येत नाही, पाने मात्र घट्ट काळी होऊन त्यांच्यातील शिरा नाहीशा होतात. भर उन्हातील हिरव्या दृश्यांसाठी कमी वेळेचा तुकडा अनेकदा सरस ठरतो तो यामुळेच. ढगाळ दिवशी किंवा दूरच्या डोंगरांसाठी अधिक वेळ उपयोगी पडतो.

तापमानाचा प्रश्न खानदेशात किरकोळ नाही. बहुतेक पत्रकांतील वेळ २० अंश सेल्सिअससाठी असते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी ३० अंशांच्या वर असते, तर जानेवारीत पहाटेची हवाच १० अंशांखाली उतरते. इल्फर्डच्या मार्गदर्शनानुसार २० अंशांना ४ मिनिटे लागत असतील तर २३ अंशांना ३ मिनिटे आणि १६ अंशांना ६ मिनिटे लागतात. याच प्रमाणात इतर वेळा काढता येतात. उन्हाळ्यात २० अंशांचा हट्ट धरण्यापेक्षा २४ अंश हे तापमान निवडणे व्यवहार्य ठरते, कारण ते टिकविता येते. चाचणी आणि पुढील सर्व रोल त्याच तापमानाला केले की हिशेब जुळतो. थंड करण्यासाठी बर्फ पिशवीत बांधून बाहेरच्या घमेल्यातील पाण्यात सोडावा. तो डेव्हलपरमध्ये टाकल्यास द्रावण पातळ होऊन चाचणीच निरर्थक होते. धुण्याचे पाणीही शक्यतो त्याच तापमानाचे असावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असल्यास डेव्हलपर तयार करण्यासाठी व शेवटच्या धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, अन्यथा सुकताना फिल्मवर क्षारांचे डाग राहतात.

निगेटिव्हचे वाचन

घनतामापक असल्यास काम सोपे होते, पण त्याविना अडत नाही. कोऱ्या चित्राच्या पट्टीतून कागदावर चढत्या वेळांची छपाई करून, ज्या सर्वांत कमी वेळेला कागद पूर्ण काळा होतो ती वेळ शोधावी. मग तिन्ही तुकड्यांची सर्व चित्रे त्याच वेळेने, त्याच कागदावर स्पर्शमुद्रित करावीत. या छापांत ज्या चित्रात खोडाच्या सालीचा पोत प्रथम दिसू लागतो, त्याचे एक्स्पोजर हे किमान योग्य एक्स्पोजर होय. त्यानंतर तेच चित्र तिन्ही तुकड्यांत पाहावे. ज्यात पाने पांढरी असूनही पानापानांतील भेद शाबूत आहे, त्याचा विकसनकाल स्वीकारावा.

पूर्ण मालिका फिकट असेल तर फिल्टर आणि फिल्म यांची जोडी तपासावी. फिल्टरविना घेतलेले चित्र ठीक आणि आर७२ ची चित्रे कोरी असतील, तर फिल्मची अवरक्त संवेदनशीलता संपलेली असते किंवा ती मुळातच पुरेशी नसते. कोरे चित्र करडे आले असेल तर धुके कोठून आले ते पाहावे. कडेला ठरावीक अंतरावर येणारे धुके बहुधा कॅमेऱ्यातील दिव्याचे, टोकाकडून आत पसरणारे धुके उजेडात रोल भरल्याचे, तर सर्वत्र सारखे पसरलेले धुके जुनेपणाचे किंवा उष्णतेचे लक्षण असते. आर७२ च्या चित्रात पाने पांढरी न येता साधी करडी आली, तर फिल्टरच्या कडेने प्रकाश गळत असण्याची शक्यता असते.

खानदेशातील परिस्थिती

नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव मुंबई–आग्रा महामार्गावर व सुरत–भुसावळ लोहमार्गावर असून ते सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. अवरक्त फिल्मच्या वेगांकांचे बहुतेक अनुभव युरोप व उत्तर अमेरिकेतून आलेले आहेत आणि ते तसेच येथे लावता येत नाहीत. लंडनला जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवर, तर डिसेंबरमध्ये अवघ्या १५ अंशांवर असतो. नरडाण्याला डिसेंबरच्या अखेरीसही तो सुमारे ४५ अंशांवर येतो, तर मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास थेट डोक्यावर असतो. उंच सूर्याच्या उजेडात दृश्य प्रकाशाचे प्रमाण अधिक असल्याने येथील मध्यान्हीचा प्रभावी वेगांक परदेशी आकड्यांपेक्षा काहीसा कमी निघणे साहजिक आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारित असल्यामुळे येथे खरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजता होत नसून साधारण साडेबाराच्या सुमारास, ऋतूनुसार पाव तास मागेपुढे, होते. दुपारची चाचणी त्या वेळेभोवती घ्यावी. दुसरी छोटी चाचणी सूर्यास्तापूर्वी तासभर घेतल्यास दोन्ही टोकांचे आकडे मिळतात.

ऋतूचा परिणाम याहून ठळक असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कपाशी भरात असते, हवा धुऊन निघालेली असते आणि उत्तरेला तापीपलीकडे सातपुड्याची रांग स्पष्ट होते. वुड परिणाम आणि काळे आकाश या दोहोंसाठी हा सर्वांत अनुकूल काळ होय. काळी कसदार जमीन अवरक्त प्रकाशातही गडदच राहते, त्यामुळे पांढऱ्या पिकाच्या ओळी तीवर रेखल्यासारख्या उमटतात. पावसाने ओली झाल्यास ती आणखी गडद होते. पुराचे गढूळ पाणी मात्र संथ पाण्यासारखे काळे येत नाही.

उन्हाळ्यात शेते उघडी पडतात व सातपुड्यातील पानझडी जंगल निष्पर्ण होते. वाळलेले गवत अवरक्त प्रकाशात उजळ असले तरी ते डोळ्यांनाही उजळच दिसते, म्हणून नवल वाटत नाही. अशा वेळी चाचणीसाठी कडुनिंब हा हुकमी वृक्ष आहे. मार्च-एप्रिलमध्ये त्याला नवी पालवी येते आणि मे महिन्यात, आजूबाजूचे सर्व करपलेले असताना, तो गर्द हिरवा असतो. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल भागात केळीच्या बागा वर्षभर हेच काम देतात. मात्र उन्हाळी हवेतील धूळ अवरक्त फिल्मने दूर होत नाही. अवरक्त प्रकाश सूक्ष्म कणांचा विरळ धूसरपणा भेदतो, धुळीचे व धुक्याचे कण त्याच्या तरंगलांबीच्या मानाने मोठे असतात. अवरक्त फिल्मला धुक्यातून आरपार दिसते, ही लोकप्रिय समजूत येथे फोल ठरते.

उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेला रोल काही तासांत धुकट होऊ शकतो. रोल शीतपेटीत ठेवावेत, वापरण्यापूर्वी काही तास बाहेर काढून बंद डबीतच हवेच्या तापमानाला येऊ द्यावेत. पावसाळ्यात थंड डबी लगेच उघडल्यास फिल्मवर दव धरते.

उपयोग

निसर्गछायाचित्रणाखेरीज कृष्णधवल अवरक्त फिल्मचा उपयोग न्यायवैद्यक तपास, चित्रांच्या रंगथराखालील रेखाटन शोधणे आणि जीर्ण कागदपत्रांचे वाचन यांसाठी होत आला आहे. कार्बन अवरक्त प्रकाश शोषतो, उलट अनेक रंगीत शाया, डाग व कागदाचा तपकिरी रंग त्या प्रकाशात फिके पडतात. मोडी लिपीतील जुने कागद बहुधा काजळीपासून केलेल्या शाईने लिहिलेले असल्याने डागाखाली झाकलेली अक्षरे अशा छायाचित्रात वर येऊ शकतात. धुळे येथे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांच्या संग्रहांतील दप्तरांसाठी हे तंत्र म्हणूनच सयुक्तिक आहे. आजकाल या कामासाठी अवरक्त रोधक काढून टाकलेला डिजिटल कॅमेरा वापरला जातो व तो अधिक सोयीचा आहे. फिल्मवर काम करावयाचे झाल्यास उन्हातील चाचणीचा आकडा चालत नाही. तंतूचे दोन दिवे कागदाच्या दोन बाजूंना सुमारे ४५ अंशांवर ठेवून, आर७२ सह स्वतंत्र मालिका घ्यावी लागते. दिवे कागदापासून इतके दूर असावेत, की त्यांची धग जीर्ण कागदाला लागणार नाही. एलईडी दिवे येथे निरुपयोगी ठरतात, कारण घरगुती पांढऱ्या एलईडीच्या उजेडात अवरक्त भाग जवळजवळ नसतोच.